दाब, धर, खाली

खंडोजी भापकर दिसायला अगदीच किरकोळ होता. पाच फूट उंची, काटकुळे हात, आणि सदरा असा लोंबायचा की आत कोणी आहे की नाही अशी शंका यावी. धारच्या संस्थानी तोफखान्यात अशा माणसाला खरं तर कोणी दारात उभं केलं नसतं. पण भापकरांच्या चार पिढ्या त्याच तोफखान्यात खपल्या होत्या आणि तेव्हा नोकरी अंगावर नव्हे, आडनावावर मिळायची. वीस वर्षांचा खंडोजी कामावर लागला त्या दिवशी लोकांनी त्याच्या वडिलांना विचारलं, "मानाजी, हा तोफ उचलणार आहे, की तोफेत भरायला आणलाय?"

मानाजी रागावले नाहीत. हसणाऱ्यांतल्या सगळ्यांत दांडग्या गड्याला त्यांनी मागच्या आवारात नेलं. तिथे एक जुनी तोफ अर्धी मातीत रुतून पडली होती. "हलव," म्हणाले. गड्याने मिठी मारली, मान फुगवली, डोळे लाल केले. तोफ जागची हलली नाही. मग मानाजींनी खंडोजीच्या हातात त्याच्यापेक्षा उंच लोखंडी पहार दिली. पहारीचं टोक तोफेखाली, टोकापासून वीतभर अंतरावर टेकूला एक दगड, आणि पहारीचं दुसरं टोक वर आभाळात. "लटक," ते म्हणाले. खंडोजी लटकला. तोफ दोन बोटं वर आली. कोणीतरी चटकन खाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि ती तशीच राहिली.

"पाहिलंस?" मानाजी म्हणाले. "तू हातभर खाली आलास, तेव्हा ती दोन बोटं वर गेली. हाच सौदा. टेकू ओझ्याच्या जितका जवळ, तितकं आपलं बळ जास्त, पण तितकं अंतरही जास्त चालावं लागतं. फुकट काही मिळत नाही."

दांडग्या माणसांना ही विद्या सहसा येत नाही. त्यांना तिची गरजच पडत नाही. खंडोजीला पडली, म्हणून तो ती मन लावून शिकला. दगड पाहिला की त्याची नजर आधी दगडाकडे नव्हे, दगडाच्या आसपासच्या जमिनीकडे जायची, टेकू कुठे बसेल ते शोधत. पाचेक वर्षांत अशी वेळ आली की तोफखान्यात काही जड हलवायचं असलं म्हणजे पैलवान बाजूला उभे राहायचे आणि हा काडीसारखा माणूस पुढे होऊन हुकूम द्यायचा.

हुकूम तीनच होते, आणि तेही भापकरांच्या घरात पणजोबापासून चालत आलेले. पहारी लावून झाल्या की 'दाब'. ओझं वर आलं की 'धर', म्हणजे आहे तिथे रोखा. आणि ठोकळे काढून झाले, माणसं बाजूला झाली की 'खाली'. चौथा शब्द नाही. कामाच्या वेळी जास्त बोललं की माणसं घोटाळतात असं मानाजी म्हणायचे, आणि त्यात तथ्य होतं.

अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात विलीन झालं. तोफांना कोणी विचारीना. बऱ्याच जणांना पेन्शनी देऊन घरी बसवलं, काहींना दप्तरात घेतलं, आणि खंडोजीला त्याच्या पहारीसकट रस्त्यांच्या कामावर धाडलं. सरदारपूरकडे जाणाऱ्या सडकेवर ठिकठिकाणी नाल्यांवर लहान पूल बांधायचे होते. पुलावर टाकायच्या दगडी लाद्या एकेक अशा की आठ माणसांनी उचलायला जावं आणि चौघांच्या कमरा मोडाव्यात. खंडोजी त्या सहा माणसांत बसवायचा आणि कमर कोणाचीच मोडायची नाही.

मात्र ही सहा माणसं तोफखान्यातली नव्हती. आसपासच्या खेड्यांतली, मालवी बोलणारी. खंडोजी त्यांच्याशी मालवीच बोलायचा, विडी मालवीत मागायचा, शिव्याही मालवीतच द्यायचा, कारण शिव्या त्या भाषेत जास्त रसाळ आहेत असं त्याचं मत होतं. हुकूम मात्र मराठी. ते तीन शब्द त्याच्या तोंडून दुसऱ्या भाषेत निघतच नसत. माणसांनाही अडचण आली नाही. दाबणं मालवीत तेच, धरणं तेच, आणि 'खाली' तर त्यांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. चार वर्षं काम असं सुरळीत चाललं.

टोळीतला सातवा आणि सगळ्यांत भरवशाचा माणूस उमाशंकर माळी. धारच्या बाहेर नाल्याकाठी त्याची एवढीशी वाडी होती. विहीर, मिरची, कांदा, थोडी मेथी. वाडीला भल्या पहाटे पाणी पाजून तो कामावर यायचा. त्याचं काम ठोकळे सरकवण्याचं, म्हणजे सगळ्यांत जोखमीचं. लादी वर आली की तिच्याखाली हात घालायचा, ठोकळा बसवायचा किंवा काढायचा. त्या क्षणी त्याचा हात सहा माणसांच्या हातात असायचा आणि ती सहा माणसं खंडोजीच्या तोंडाकडे बघत असायची. उमाशंकर मात्र वर बघायचाही नाही. "तम हो नी, भिया," म्हणजे तुम्ही आहात ना, असं म्हणून तो खुशाल हात घालायचा.

त्रेपन्न सालच्या फाल्गुनात ते घडलं. शेवटची लादी. दाबून झालं, धरून झालं, उमाशंकरने शेवटचा ठोकळा ओढून घेतला आणि मागे सरला. माणसं पहारींवर वाकून तिसऱ्या शब्दाची वाट पाहत होती. तेवढ्यात उमाशंकरला लादीखाली एक खडा राहिलेला दिसला. लादी वाकडी बसेल म्हणून त्याने पुन्हा हात घातला. ते कोणी पाहिलं नाही. फक्त खंडोजीने पाहिलं आणि तो जिवाच्या आकांताने ओरडला, "खाली हात! खाली हात आहे!"

पहिला शब्द निघाला आणि माणसांनी पहारी सोडल्या.

उमाशंकरच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

माणसं अशी कशी वागली, हे खंडोजीला आठ दिवस कळेना. मोरोपंत नावाचे ओव्हरसियर चौकशीला आले. जुन्या दरबारी घराण्यातले, पगडी जाऊन टोपी आलेली, जबान्या हिंदीत लिहून घेणं जिवावर येणारे. माणसांनी एकामागून एक तेच सांगितलं. "खंडोजी भिया ने कियो, खाली. तो हमने छोड़ दी."

"पण मी खाली हात आहे म्हणालो!" खंडोजी कळवळून म्हणाला. "खाली, मतलब नीचे!"

टोळीतला म्हातारा भिल्ल त्याच्याकडे बघतच राहिला. "नीचे?" तो म्हणाला. "खाली तो खाली होय, भिया. नीचे कोई नी हे, जगा खाली हे. तम हमेशा योज तो केता था."

तेव्हा कुठे खंडोजीच्या लक्षात आलं. चार वर्षं तो 'खाली' म्हणत होता तेव्हा त्याच्या मनात होतं, उतरवा. चार वर्षं त्यांच्या कानात पडत होतं, जागा रिकामी आहे. जागा रिकामी झाल्याशिवाय तो उतरवायला सांगत नसे, म्हणून दोन्ही अर्थ रोज एकाच जागी येऊन मिळत आणि लादी नीट बसे. चार वर्षांत कोणालाच कळलं नाही की आपण एकाच शब्दावर दोन अर्थ घेऊन उभे आहोत. आणि ज्या दिवशी जागा रिकामी नाही असं ओरडून सांगायची वेळ आली, त्या दिवशी त्याने नेमकं रिकामी आहे असंच सांगितलं.

मोरोपंतांनी लेखणी खाली ठेवली. "खंडोजी, यात तुझी चूक काय? तू शुद्ध मराठी बोललास. मजुराने न सांगता हात घातला, असं लिहितो."

"लिहू नका, पंत," खंडोजी म्हणाला. "त्याने माझ्या भरवशावर हात घातला. हुकूम माझा होता."

"अरे, पण तुझा शब्द बरोबर होता!"

"बरोबर शब्द घेऊन काय करू? त्याची बोटं गेली."

पंतांनी काय लिहिलं ते खंडोजीने शेवटपर्यंत विचारलं नाही. त्याला वेगळीच गोष्ट कुरतडत होती. पहार माणसाचं बळ दसपट करते, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. ती चूकही दसपट करते, हे कोणी सांगितलं नव्हतं. नुसत्या हातांनी काम करणाऱ्याच्या चुकीने फार तर एखादा दगड पायावर पडतो. सहा माणसांचं बळ एका शब्दावर तोलून धरणाऱ्याला घसा साफ करायचीही सूट नसते.

तो उमाशंकरला भेटायला गेला. उमाशंकर विहिरीच्या काठावर बसला होता, उजवा हात पंच्यात गुंडाळलेला. खंडोजीने नेलेली गव्हाची गोणी त्याने आत घेऊ दिली नाही. "म्हारे तमारो कई नी चइये," तो म्हणाला. खंडोजीने त्या शब्दाची सगळी हकिगत सांगितली. कसा अर्थ वेगळा, कसा घोटाळा. उमाशंकरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खाली हाथ तो अबे म्हारो हुई ग्यो, भिया. अबे कई बाकी रियो?"

खंडोजी उठला तो रस्ताभर रडत घरी आला. त्याने ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने हुकूम देणं सोडलं. साहेबांना सांगून टोळीचं मुकादमपण दुसऱ्याला दिलं आणि स्वतः खडी फोडायला बसला. घरीही फारसा बोलेना. त्याची बायको कुसुमावती देवासची, तोंडाची फटकळ. तिने पंधरा दिवस वाट पाहिली आणि मग भाकरी वाढतावाढता म्हणाली, "आमच्या देवासात एका गावाला दोन राजे होते. रस्त्याच्या या बाजूला थोरली पाती, त्या बाजूला धाकटी पाती. तरी कोणाचा हुकूम असा चुकला नाही हो."

खंडोजीने मान खाली घातली. तेव्हा ती वरमली आणि त्याच्याजवळ बसली. "टोचून बोलले. पण नुसतं झुरून त्या माणसाचं काय भलं होणार आहे? त्याचं अडलंय कशावाचून, ते तरी कळलं का तुम्हांला?"

ते त्याला चांगलं कळलं होतं. उमाशंकरचं अडलं होतं पाण्यावाचून. विहीर सात-आठ हात खोल, पण मोट लावायला बैल नाहीत. आजवर तो स्वतः दोराने बादल्या ओढायचा. आता दोन बोटांच्या हातात दोर ठरत नव्हता. बायको गेंदाबाई एकटी ओढत होती, तिचे खांदे सुजले होते, आणि तरी अर्ध्या वाफ्यांना पाणी पुरत नव्हतं. चैत्र लागला होता. मिरच्यांची पानं वळायला लागली होती. वाडी विकून इंदूरला जावं, एखाद्या गिरणीच्या फाटकावर बसावं, असं उमाशंकर बोलू लागल्याचं खंडोजीच्या कानावर आलं होतं. त्या माणसाने फाटकावर बसायचं, हा विचार खंडोजीला सहन होत नव्हता.

"बागलीला माझी मावशी असायची," कुसुमावती म्हणाली. "कडेवर पोर घेऊन वाफ्यांना पाणी काढायची. एका हाताने. ढेकली होती ना तिच्याकडे."

खंडोजीचा घास हातातच राहिला. ढेकली त्याने पाहिली होती. दोन खांबांवर आडवी लांब लाट, म्हणजे झुलता लाकडी दांडा, मागच्या आखूड टोकाला दगड बांधलेला, पुढच्या लांब टोकाला दोर आणि बादली. ती पहारच होती की! पहार, टेकू आणि ओझं. जन्मभर हेच काम करून त्याला ते कधी सुचलं नव्हतं, कारण त्याच्या पहारीला माणसं लटकत होती आणि तिथे दगड लटकत होता.

"अगं, एकदम बरोबर!" तो म्हणाला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

मग तो त्या कामाच्या पाठीच लागला. बाभळीचे दोन खांब, सागाचा वीस फुटी वासा, लोहाराकडून लोखंडी कांब. कांब वाशाच्या आरपार घालायची आणि तिची दोन्ही टोकं खांबांच्या खाचांत बसवायची, म्हणजे लाट तिच्यावर झुलेल. घरामागे कमरेएवढ्या ओंडक्यांवर त्याने ती झुलवून पाहिली. मागे फार जड दगड बांधला तर भरली बादली झटकन वर येई, पण रिकामी खाली न्यायला दोन्ही हात लागत. हलका बांधला तर उलटं. कुसुमावती एक हात पदरात धरून दुसऱ्या हाताने ओढून बघायची आणि सांगायची, "अजून जड जातंय." शेवटी दगड अर्ध्या भरलेल्या बादलीला तोलेल एवढा ठेवला, तेव्हा दोन्ही बाजूंचं जड काम निम्म्यावर आलं. निम्मा भार रिकामी बादली खाली ओढताना आपण घ्यायचा, तोही वरून खाली, अंगाचं वजन टाकून. उरलेला निम्मा वर आणताना घ्यायचा, बाकीचं दगड बघून घेतो. तिने दहा बादल्या एका हाताने ओढल्या आणि म्हणाली, "न्या आता."

जुन्या टोळीतले पाच जण बिनबोभाट आले. सामान बैलगाडीतून वाडीवर नेलं तेव्हा सकाळची उन्हं वर आली होती. उमाशंकरने गाडी पाहिली आणि पाठ फिरवून बसला. "वापस ली जाओ," तो म्हणाला.

गेंदाबाईने दोर टाकला आणि पुढे झाली. "पानी म्हूं खेंचूं," ती नवऱ्याला म्हणाली, "तो लगे के नी लगे, म्हूं कूंगी." आणि खंडोजीकडे वळून म्हणाली, "लगाओ, भिया."

खांब पुरले गेले. लाट वर चढवायची राहिली. दगड आधीच बांधला होता, कारण त्याशिवाय लाट कांबेवर तोलात राहत नव्हती. त्यामुळे ती चांगलीच जड झाली होती. खंडोजीने दोन्ही बाजूंना दगडांचे चौथरे रचले, त्यांवर दोन वासे टेकवून त्यांची टोकं लाटेखाली घातली. एक माणूस कमी पडत होता म्हणून तो स्वतःही एका वाशाला लटकला. सगळे थांबले. सगळ्यांनी सवयीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

खंडोजीने नुसती मान हलवली. कोणी दाबलं, कोणी नाही. लाट तिरपी झाली, खाली आली. दुसऱ्यांदा कांबेचं एक टोक खाचेत बसलं, दुसरं बाजूला घसरलं. ते हाताने धरून खाचेत आणल्याशिवाय बसणार नव्हतं, आणि तिथे हात घालायला कोणी धजेना. लाट हवेत थरथरत होती.

उमाशंकरला ते बघवेना. चार वर्षं ते काम त्याचं होतं. तो उठला, शिव्या देत पुढे आला आणि त्याने डावा हात, उरलेला धड हात, कांब आणि खाच यांच्या मध्ये घातला.

"काढ!" खंडोजी किंचाळला. "उमाशंकर, हात काढ तो!"

"हाथ म्हारो हे," उमाशंकर म्हणाला. "तम बोलो."

"दाब," खंडोजी कसाबसा म्हणाला. माणसांनी दाबलं. लाट चार बोटं वर आली, उमाशंकरने कांब सरळ केली. "धर," खंडोजी म्हणाला. माणसांनी धरलं. आणि पुढे तो थांबला. तिसरा शब्द त्याच्याजवळ नव्हता. मराठीतला नव्हता, मालवीतला नव्हता, कुठल्याच भाषेतल्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास उरला नव्हता.

"म्हारेसे नी होय," तो म्हणाला. "तूच सांग. हात तुझा आहे, तूच सांग."

उमाशंकरने त्याच्याकडे पाहिलं. मग कांब खाचेच्या तोंडाशी आणली, हात बाहेर घेतला, तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि म्हणाला, "उतारो. धीरे."

खंडोजीने वडिलांनंतर पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हुकमावर भार सोडला. कांब खाचेत बसली. लाट एकदा डोलली आणि स्थिर झाली.

वासा टाकून तो धावत गेला आणि त्याने उमाशंकरचा डावा हात दोन्ही हातांत धरला. उलटा केला, सुलटा केला. "गिणी लो, भिया," उमाशंकर म्हणाला. "पूरी हे." खंडोजी खरोखरच मोजू लागला. एक, दोन, तीन, चार म्हणाला आणि त्या हातावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

गेंदाबाईने बादली आणून दोराला बांधली.

"आंगळ्यां गिणी ली होय तो पानी काढो," ती म्हणाली. "म्हारी मरचां सुकी री हे."

उमाशंकरने डाव्या हाताने दोर धरला आणि ओढला.